पन्नास जीबीची अक्कल

सर्व्हरवर लिनक्स चढवताना माणसाचं अज्ञान सगळ्यात जास्त रुबाबात कुठे मिरवत असेल तर ते डिस्कची पार्टिशनं पाडताना, असं माझं ठाम मत आहे. आणि 'माणसाचं' म्हणताना मी स्वतःला वगळलेलं नाही. भाषा, टाइमझोन, कीबोर्ड हे पडदे आम्ही 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत उडवतो. पार्टिशनचा पडदा आला की मात्र पाठ ताठ होते. तिथे 'ऑटोमॅटिक' असा एक पर्याय असतो, पण तो निवडणं म्हणजे आपल्याला यातलं काही कळत नाही याची लेखी कबुली देणं. म्हणून 'कस्टम'. मग कपाळाला आठी घालून, आणि शेजारी कोणी बघत असेल तर आणखी एक घालून, आम्ही आकडे भरतो: रूटला 50 जीबी, व्हारला 100, होमला 200, स्वॅपला 16. बघणाऱ्याला वाटतं, केवढा हा हिशेब! हिशेब नसतोच. पुरावा हवा असेल तर कुठल्याही चालत्या सर्व्हरवर 'एलएसबीएलके' ही कमांड देऊन आकडे वाचावेत. 37 किंवा 83 सहसा सापडणार नाही. खऱ्या गरजा अशा गोल आकड्यांत येत नाहीत, अंदाज येतात. फार तर त्यात दोन पंथ असतात: एक 50-100-200 वाल्यांचा आणि दुसरा 64-128-256 वाल्यांचा. दुसऱ्या पंथाचे लोक दोनाच्या घातांत अंदाज करतात, त्यामुळे तो जास्त शास्त्रीय वाटतो. मी दुसऱ्या पंथाचा आहे.

'ऑटोमॅटिक'वाल्यांनी एवढ्यात खूश होऊ नये. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स 7 आणि तिची फुकट मिळणारी आवृत्ती सेंटओएस 7 या दोन्ही 2014 साली आल्या, आणि सेंटओएस 7 ची मुदत 30 जून 2024 ला संपेपर्यंत ती असंख्य सर्व्हरांवर बसली. तिचा इन्स्टॉलर मोठी डिस्क दिसली की थोडी जागा बूटला द्यायचा, थोडी स्वॅपला, रूटला जास्तीत जास्त 50 जीबी, आणि उरलेली झाडून सगळी होमला. लॅपटॉपवर यात शहाणपण आहे, कारण होममध्ये माणसांच्या फायली असतात. सर्व्हरवर माणूस राहतच नाही. तिथे राहतो डेटाबेस, आणि त्याचा मुक्काम व्हारमधल्या लिब फोल्डरात, म्हणजे वेगळं व्हार नसल्यानं रूटच्या 50 जीबीत. लॉग साठतात ते त्याच 50 जीबीत, डॉकरच्या इमेजही तिथेच. म्हणजे डिस्क 2 टेराबाइटची, सगळा कारभार 50 जीबीत गुदमरलेला, आणि शेजारी दीड टेराबाइटहून मोठं होम, ज्यात ॲडमिनच्या काही शे बाइटांच्या सेटिंगच्या फायली सोडल्या तर चिटपाखरू नाही. बरं, होममधलं थोडं काढून रूटला द्यावं म्हटलं, तर या आवृत्तीची डीफॉल्ट फाइल सिस्टिम एक्सएफएस. सिलिकॉन ग्राफिक्सनं बनवलेली, दणकट, वेगवान. पण ती वाढते, आकसत नाही. होम पुसून नव्यानं लहान करणं हाच उपाय. ते करायची छाती नसलेले लोक डेटाबेसच उचलून होममध्ये नेऊन ठेवतात. तिथे सुरक्षेचा पहारेकरी एसई-लिनक्स त्याला अडवतो, कारण डेटाबेसनं होममध्ये वाचायचं-लिहायचं नाही असा त्याचा नियम. मग अमेरिकेच्या एनएसएनं जन्माला घातलेला हा पहारेकरी एका ओळीत कायमचा झोपवला जातो. जागेच्या एका चुकीच्या अंदाजानं सर्व्हरचं दार उघडं पडलं ते असं.

आता इथे मला यूएसआर या फोल्डरविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही. मुद्द्याला ते अगदीच सोडून नाही, थोडं आहे. गोष्ट 1971 च्या आसपासची, न्यू जर्सीतल्या मरे हिलची, बेल लॅब्जची. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची पीडीपी-11 या मशीनवर युनिक्स घडवत होते. डिस्क इतकी छोटी की आजच्या फोनवरचा एखादा फोटो टाकला की भरावी. युनिक्स वाढलं, पहिल्या डिस्कवर मावेना. दुसऱ्या डिस्कवर यूएसआर होतं आणि त्यात वापरणाऱ्यांची स्वतःची फोल्डरं. युनिक्सचे प्रोग्रॅम तिथे घुसले आणि घुसताना आपली बिन, लिब ही बिऱ्हाडंही तिथे दुसऱ्यांदा मांडून बसले. पुढे तिसरी डिस्क मिळाली तेव्हा मूळ रहिवाशांनाच तिकडे हलवण्यात आलं. आता एक पंचाईत झाली. दुसरी डिस्क जोडणारी 'माउंट' ही कमांड दुसऱ्या डिस्कवर ठेवून चालणार नाही. म्हणून सुरुवातीला लागणारे प्रोग्रॅम पहिल्या डिस्कवर आणि बाकीचे यूएसआरमध्ये, असा नियम पडला. बस, एवढंच. जागा संपली होती. पण प्रत्येक घरात जसा एखादा काका असतो, जो प्रत्येक रूढीमागचं शास्त्र शोधून देतो, तसे काका युनिक्सला पुढची चाळीस वर्षं कमी पडले नाहीत. कोणी म्हणालं, रूटमध्ये आणीबाणीची हत्यारं आणि यूएसआरमध्ये रोजची. कोणी म्हणालं, यूएसआर नेटवर्कवरून अनेक मशीनना वाटता यावं म्हणून ही दूरदृष्टी. (बिनडिस्कच्या वर्कस्टेशनांवर ते खरोखर वाटलं गेलं, हे काकांच्या बाजूनं सांगायला हवं.) 1994 साली लिनक्सवाल्यांनी कुठे काय ठेवायचं याचं पहिलं प्रमाण प्रसिद्ध केलं, तेही 14 फेब्रुवारीला. व्हॅलेंटाइन डेला बिन आणि एसबिन या फोल्डरांमधला फरक लेखी मांडणाऱ्या या मंडळींविषयी मला आदर आहे आणि थोडी काळजीही. मग 2012 साली फेडोरा 17 नं सगळं एकत्र केलं. तेही कसं? मूळच्या बिनमध्ये यूएसआर परत आलं नाही, तर मूळचं बिनच यूएसआरमध्ये गेलं आणि जुन्या जागी नुसती पाटी उरली. डेबियनवाले यावर वर्षानुवर्षं भांडले आणि 2023 च्या डेबियन 12 मध्ये तिथेच पोहोचले. पन्नासेक वर्षांपूर्वी दोघा माणसांची डिस्क भरली, आणि त्यावर दोन पिढ्या परीक्षेत उत्तरं लिहीत राहिल्या.

यातून माझ्या कामाचं निघतं ते एवढं की पार्टिशनची यादी ही येणाऱ्या काळाचा आराखडा म्हणून लिहिली जात असली तरी ती होऊन गेलेल्या काळाची भीती असते. बूट वेगळं का? कारण एके काळी बायोसला डिस्कच्या 1,024 व्या सिलिंडरपलीकडचं वाचता येत नसे. स्वॅप रॅमच्या दुप्पट का? कारण रॅम मूठभर होती तेव्हा कोणीतरी तसं सांगून गेलं. हाच नियम आज 256 जीबी रॅमच्या मशीनला लावला तर 512 जीबी स्वॅप होईल, आणि ते खरोखर वापरात येईल तेव्हा सर्व्हर चालतो आहे की समाधीत आहे हे ओळखायला वैद्य लागेल. भीतीला माझी हरकत नाही, भीतीनं बरंच जग चाललेलं आहे. हरकत आहे ती सगळी डिस्क आज, या क्षणी, शेवटच्या मेगाबाइटपर्यंत वाटून टाकण्याच्या हट्टाला. एलव्हीएम लिनक्समध्ये 1998 पासून आहे. हाइन्झ माउएल्सहागेन यांनी एचपी-यूएक्सच्या धर्तीवर ते लिहिलं. त्यात सगळी जागा एका गटात ठेवता येते आणि लागेल तसतसं एखादं पार्टिशन वाढवता येतं, सर्व्हर चालू असताना, एका कमांडमध्ये, चहा निवायच्या आत. वाढवणं सोपं, कमी करणं महाकठीण किंवा अशक्य. एवढी एकच गोष्ट खरी मानली तरी निष्कर्ष आपोआप निघतो: रूटला माफक द्या, व्हारला माफक द्या, आणि निम्म्याहून जास्त डिस्क कोणालाच देऊ नका. पण ते आमच्यानं होत नाही. रिकामी जागा सोडणं म्हणजे पुढचं मला माहीत नाही असं म्हणणं, आणि आम्ही 'कस्टम' निवडलंय ते काय हे म्हणायला?

यावर आक्षेप येतात. पहिला क्लाउडवाल्यांचा: हे पार्टिशन-बिर्टिशन म्हाताऱ्यांचे उद्योग, आमच्याकडे बहुधा एकच रूट असतं, डिस्क वाढवली की तेही वाढतं. त्यांचं खरं आहे. किंबहुना ते माझंच म्हणणं मांडतात. त्यांची रिकामी जागा दुसऱ्याच्या इमारतीत असते आणि तिचं बिल लागेल तेव्हा येतं. मात्र एकाच रूटमध्ये लॉग मोकाट सुटले की क्लाउडमधला सर्व्हरही जमिनीवरच्या सर्व्हरइतकाच आडवा होतो. दुसरा आक्षेप सुरक्षावाल्यांचा: टेम्प, व्हार, लॉग, ऑडिटचे लॉग, होम हे सगळं वेगळं ठेवायला सीआयएस या सुरक्षा-संस्थेच्या मार्गदर्शक याद्या सांगतात. मान्य. टेम्पमधून प्रोग्रॅम चालू नये असा निर्बंध घातलेला बरा, मग काही सॉफ्टवेअरांचे इन्स्टॉलर नेमके टेम्पमधूनच चालायचा हट्ट धरून रुसले तरी. पण वेगळं ठेवा याचा अर्थ ऐसपैस ठेवा असा कुठे आहे? पाच पार्टिशनं लहान करून बाकीची डिस्क मोकळी ठेवता येते. तिसरा आक्षेप सगळ्यात जुना: पैसे मोजून घेतलेली जागा रिकामी ठेवायची? तर ईएक्सटी4 ही फाइल सिस्टिम आपण होऊनच पाच टक्के जागा रूट नावाच्या मुख्य युजरसाठी राखून ठेवते, म्हणजे 2 टेराबाइटवर 100 जीबी. तिच्याविरुद्ध मोर्चा निघाल्याचं ऐकलेलं नाही, कारण फार थोड्यांच्या ते लक्षात येतं. उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर मात्र पकडला गेला. तो एलव्हीएम वापरतो आणि डिस्क 200 जीबीहून मोठी असली की रूटला 100 जीबीच देऊन बाकीची जागा मोकळी सोडतो. मला विचाराल तर या क्षेत्रातला हा दुर्मीळ समंजसपणा. लोकांना विचाराल तर 'माझी बाकीची डिस्क कुठे गेली?' सगळी डिस्क चुकीच्या ठिकाणी कोंबणाऱ्या इन्स्टॉलरला आपण दहा वर्षं नांदवलं, आणि हात राखून वाढणाऱ्याला चोर ठरवलं.

आणि एक गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. पार्टिशन पाडणारा आणि त्याची फळं भोगणारा ही बहुतेकदा दोन वेगळी माणसं असतात. पाडणारा जास्त पगारावर दुसरीकडे गेलेला असतो. डिस्क भरते ती रात्री, कारण बॅकअप रात्री चालतात, आणि फोन जातो तो सगळ्यात नव्या मुलाला किंवा मुलीला, ज्यांना काहीही पुसायचा अधिकार नसतो आणि सगळं सुरू करायची जबाबदारी असते. ते घाबरत घाबरत एक अवाढव्य लॉग पुसतात. जागा तसूभर वाढत नाही, कारण ती फाइल कुठल्यातरी चालू प्रोग्रॅमनं अजून धरून ठेवलेली असते, आणि नाव पुसलं तरी धरलेली फाइल डिस्क सोडत नाही. आता फायली मोजणारं 'डीयू' एक आकडा सांगतं, डिस्क मोजणारं 'डीएफ' दुसरा, आणि बिघाड कशानं झाला हे ज्यात लिहिलेलं होतं तो लॉग तर गेलेला. फोनवर साहेब विचारतात, "अरे, दोन टीबीची डिस्क घेतली होती ना आपण?" घेतली होती. त्या पोराला ती दिसतेही आहे, होममध्ये, एक टक्का भरलेली. एलव्हीएमच्या गटात मोकळी जागा ठेवली असती तर त्यानं एक ओळ टाइप केली असती आणि झोपायला गेलं असतं. दुसऱ्या पंथाच्या अंदाजांचा मला कितीही अभिमान असला तरी या प्रसंगी 128 आणि 100 यांत काडीचा फरक नसतो, हे मला राग येण्याइतकं स्पष्ट दिसतं.

तेव्हा जागा मोकळी सोडावी, आणि सोडल्याची नोंद सर्व्हरच्या कागदांत मोठ्या अक्षरांत करावी. नाहीतर ऑडिटला आलेला माणूस '2 टीबी खरेदी, 300 जीबी वापर' असा शेरा मारून जाईल आणि पुढच्या वर्षीच्या बजेटातून डिस्कच गायब होईल. नोंद केली तरी ती जागा फार दिवस मोकळी राहील अशी खात्री मी देत नाही. एलव्हीएमच्या यादीत 'मोकळी जागा' असा एक स्वतंत्र रकानाच असतो, आणि तो वाचता येणारा सहकारी प्रत्येक ऑफिसात असतो. तो एका दुपारी तिथे 'टेस्ट' नावाचं 500 जीबीचं पार्टिशन पाडेल, त्यात काहीतरी उतरवून ठेवेल, आणि 'टेस्ट' कोणाचं, ते पुसलं तर चालेल का, हे विचारणाऱ्या ईमेलला कोणीही उत्तर देणार नाही.