बॉर्डरवरचं पोट

मधुमेह टाळा, हे सांगत दारोदार फिरलं की एका सकाळी साखरेचा चहा किती कप होतो? माझा विक्रम सात. "उपदेश नंतर, आधी घोटभर घ्या." नको म्हटलं तर चेहरे पडतात. बिनसाखरेचा मागितला की आतून कुजबुज ऐकू येते, "अगं, ह्यांनाच आहे वाटतं!"

आरोग्य मार्गदर्शक म्हणून प्रशिक्षण संपलं तेव्हा हाती तीन वस्तू आल्या: गळ्यात ओळखपत्र, काखेत तक्ते आणि पिशवीत शिंप्याची टेप. पहिल्या दोन कुणी बघत नाही. टेप काढली की मात्र घरात पळापळ होते.

परवाचेच काका घ्या. कंबर किती विचारल्यावर तडक उत्तर, "चौतीस!"

"काका, तो पँटचा नंबर झाला."

"तेच ते."

तेच कसं? पँट पोटाला वळसा घालून खालून जाते. टेप लावायची ती बरगडी संपते आणि कमरेचं हाड लागतं, त्याच्या मधोमध. टेप लागताच काकांनी पोलीसभरतीला आल्यासारखी छाती फुगवली. "श्वास सोडा," म्हटलं. सोडला. 104 सेंटिमीटर. पुरुषांची हद्द 90, बायकांची 80.

पुढे गुणांचा तक्ता. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या चमूनं तो बनवलाय. वय, कंबर, व्यायाम, आईवडील, एवढंच विचारायचं. 100 पैकी 60 किंवा जास्त गुण पडले की धोका मोठा. काका 52 वर्षांचे, म्हणून 30. कमरेचे 20. व्यायाम? "लिफ्ट बंद पडली की जिना," म्हणजे 30. आईला मधुमेह होता, त्याचे 10.

"शंभरात नव्वद!" काकांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून आरोळी ठोकली. "ऐकलंस का गं? आणि दहावीला बावन्न होते!"

लॅबचा रिपोर्ट आला. उपाशीपोटी साखर 112. मी म्हटलं, 100 ते 125 म्हणजे बॉर्डर. काकांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे नाहीच की!" त्या आनंदात रव्याचा लाडू आला. दोन आले, खरं म्हणजे.

हा 'बॉर्डर' शब्द ज्यानं रुळवला त्याला शोधतेय. सीमेवर जवान रात्रभर जागतो, आमचा बॉर्डरवाला दुपारी जेवून आडवा होतो. आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेही 10.1 कोटी निघाले आणि बॉर्डरवाले 13.6 कोटी. 2011च्या जनगणनेत अख्खा महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा होता. शेजारी गोवा तर त्या पाहणीत पहिला आला, 26.4 टक्के मधुमेही. पहिल्या नंबराचं आपल्याला कौतुक, म्हणून सांगितलं.

गंमत अशी की बॉर्डरवरून मागे फिरता येतं, आणि हे माझं प्रवचन नाही. चेन्नईतच डॉ. रामचंद्रन यांनी 531 बॉर्डरवाल्यांवर प्रयोग केला, 2006 साली निष्कर्ष छापून आले. नुसता जुजबी सल्ला मिळालेल्यांपैकी 55 टक्के लोक तीन वर्षांत मधुमेही झाले. ज्यांचं चालणं आणि जेवण पाठपुरावा करून सुधारलं, त्यांच्यातले 39.3 टक्के. मेटफॉर्मिनच्या गोळीनंही जवळपास तेवढंच साधलं. पण गोळी लिहून देणाऱ्याला डॉक्टरसाहेब म्हणतात, 'चाला' म्हणणारीला 'आल्या शुगरवाल्या ताई' म्हणून दार लोटून घेतात.

"मला काय धाड भरलीय? मी काडीपैलवान," हे शेजारच्या घरातलं. त्यांना मी पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो दाखवते. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापलेला. दोघांचाही बीएमआय 22.3. अंगातली चरबी मात्र इंग्रजाची 9.1 टक्के, आपल्या माणसाची 21.2. काडीपैलवान फोटो निरखून म्हणाले, "साहेब काय खात असेल हो?"

सुनेची कंबर मोजायला गेले की उत्तरं सासूबाई देतात. वय त्यांनीच सांगायचं, व्यायामही त्यांनीच. "ती दिवसभर घरात फिरतच असते की, वेगळं कशाला?" सून मागं उभी राहून पोळीला तेल लावत असते. संध्याकाळचा अर्धा तास तिला मोकळा कुणी करून द्यायचा, हे माझ्या तक्त्यांत कुठं नाही. सासूबाईंना विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तक्ता गुंडाळला.

14 नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन. इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी बँटिंग यांचा वाढदिवस. गेल्या वर्षी त्या दिवशी आमचा, म्हणजे मार्गदर्शकांचा, सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि पाव किलो पेढ्यांचा पुडा. पाहुणे दीड तास बोलले. विषय होता 'बैठ्या जीवनशैलीचे धोके'. सगळ्यांनी बसून ऐकला.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी सोसायटीच्या गेटपाशी टेप घेऊन उभी आहे. पँटचा नंबर घरी ठेवून या, सुनेला बरोबर आणा आणि चहा पाजायचाच असेल तर बिनसाखरेचा.