पाण्याबाहेरची म्हैस

पाण्यात म्हैस आणि वर मोल, असं मराठी माणूस फसव्या सौद्याला म्हणतो. जुनी होडी घेताना ही म्हण उलटी होते. होडी पाण्याबाहेर असते आणि नेमकं म्हणूनच तिचं मोल कळत नाही. 1 जून ते 31 जुलै राज्यात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत कोकणातल्या होड्या किनाऱ्यावर ओढून, झापांखाली नाहीतर ताडपत्रीखाली झाकून ठेवतात. याच दिवसांत त्या निवांत बघायला मिळतात. तळ दिसतो, सुकाणू दिसतं, पंखा दिसतो. दिसत नाही ती फक्त चालताना होडी.

अशाच एका पावसाळ्यात हर्णैच्या किनाऱ्यावर पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ छत्री सावरत उभे होते. दापोलीजवळ घर बांधून झालं होतं, आंब्याची कलमं लावून झाली होती, ती माकडांनी खाऊनही झाली होती. आता स्वतःची होडी हवी होती. समोरची होडी लाकडी होती, नुकतीच निळी-पिवळी रंगवलेली, पोटात दोन सिलिंडरचं डिझेल एंजिन.

"होडी एकदम ठणठणीत हाय, काका," मालक म्हणाला. "एंजिनाचं जरा काम हाय."

हे वाक्य ऐकून हुरळून जाणारे ते पहिलेच नव्हेत. भारत सरकारही एकदा असंच हुरळलं होतं. 'अ‍ॅडमिरल गोर्शकोव्ह' ही रशियाची विमानवाहू युद्धनौका. 1994 साली तिच्या बॉयलरच्या खोलीत स्फोट झाला आणि पुढे दोन वर्षांनी ती सेवेतून काढली. 2004 साली भारताशी करार झाला. त्यात जहाज फुकट होतं, पैसे द्यायचे ते फक्त दुरुस्तीचे आणि नव्या साजाचे: 97 कोटी 40 लाख डॉलर. 2008 साली मिळणारी ही नौका 'विक्रमादित्य' होऊन नौदलात दाखल झाली ती 16 नोव्हेंबर 2013 ला. तोवर बिल 2.3 अब्ज डॉलरच्या पुढे गेलं होतं. मधे 2012 साली समुद्रात पूर्ण वेगाची चाचणी घेतली, तेव्हा आठांपैकी सात बॉयलरांनी मान टाकली. बॉयलरला अ‍ॅस्बेस्टॉस नको म्हणून विटा लावल्या आणि त्या विटांनी घात केला, असं रशियाकडून सांगण्यात आलं. दुरुस्तीत काही बिघडलं की दोष गिऱ्हाइकाच्या हट्टाचा, हा रिवाज रशियातल्या सेवेरोद्विन्स्कच्या गोदीपासून हर्णैपर्यंत सारखाच दिसतो.

पुण्याचे गृहस्थ तसे तयारीने आले होते. खिशात स्क्रू-ड्रायव्हर होता. जुन्या लाकडी होडीच्या फळ्या त्याने टोचून बघायच्या असतात. कुजलेल्या लाकडात टोक लोण्यासारखं आत जातं. नवा रंग दिसला की जास्तच टोचायचं. लाकूड पोखरणारा टेरेडो बाहेरून टाचणीएवढं भोक पाडतो आणि आत बोगदे खणत जातो. दिसतो अळीसारखा, पण तो शिंपल्याच्या कुळातला. कोलंबसच्या चौथ्या सफरीत असल्याच प्राण्यांनी जहाजांची चाळण केली आणि 1503 साली तो जमैकाच्या किनाऱ्यावर वर्षभरासाठी अडकून पडला. गृहस्थांनी हे सगळं मालकाला सांगितलं. मालकाला कोलंबसबद्दल वाईट वाटलं, पण किंमत काही खाली आली नाही.

मग एंजिन. ते चालू करायच्या आधी हात लावून बघायचं, हेही त्यांना ठाऊक होतं. ते कोमट लागलं. गिऱ्हाईक यायच्या आधीच कोणीतरी ते चालवून ठेवलं होतं, कारण दुखणाईत डिझेल एंजिनाची खरी परीक्षा थंड असताना चालू होण्यात असते. "सकाळी जरा फिरवलं," मालक म्हणाला. पावसाळ्यात, किनाऱ्यावर, झापांखाली कुठे फिरवलं ते काही त्याने सांगितलं नाही.

या एंजिनाला थंड राहायला समुद्राचं पाणी लागतं. जमिनीवर चालवायचं तर पंपाची नळी पाण्याच्या पिंपात सोडावी लागते. पिंप आलं, नळी सोडली, हँडल मारलं. धूर आला. काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही, निळा म्हणजे ऑईल जळतंय, पांढरा टिकून राहिला तर सिलिंडरमध्ये पाणी शिरत असण्याची शंका. या एंजिनाने कोणालाही नाराज केलं नाही, तिन्ही दाखवले. पट्टी बाहेर काढली तर ऑईल दुधाळ, म्हणजे पाणी तिथवरही पोचलेलं.

इथे शहाणा माणूस छत्री मिटून गाडीत बसतो. पण होडी घ्यायची ठरलेल्या माणसाला कारणं नव्हे, उदाहरणं सुचतात. त्यांनी पत्नीला वालचंद हिराचंदांचा दाखला दिला. वालचंदांच्या सिंदिया जहाज कंपनीने 1919 साली पहिलं जहाज घेतलं तेही जुनंच होतं. 1890 साली पाण्यात उतरलेलं 'एम्प्रेस ऑफ इंडिया', पॅसिफिकवर प्रवासी वाहून थकलेलं, मग ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेऊन युद्धात इस्पितळ-जहाज केलेलं. त्याचं नाव झालं 'लॉयल्टी'. 5 एप्रिल 1919 ला ते मुंबईहून लंडनला निघालं, म्हणून आजही 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन आहे.

"आणि चार वर्षांत भंगारात गेलं, तेही सांगा ना," पत्नी म्हणाल्या. त्या इतिहासाच्या शिक्षिका होत्या. लग्नाआधी त्यांनी हे लपवलं नव्हतं.

शेवटी एंजिनाच्या मेस्त्रीला बोलावलं. त्याने हेड उघडावं लागेल असं सांगितलं, लायनर बदलावे लागतील असं सांगितलं, एक भाग आता बनतच नाही, तो लेथवर करून घ्यावा लागेल, असंही सांगितलं. आकडा त्याने सांगितला नाही. उघडल्याशिवाय काय सांगणार? आणि उघडल्यावर मिटवून परत कोण देणार, हा प्रश्न तिथल्या तिथे पावसात विरघळला.

"मेस्त्री, खरं सांगा," गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही असता तर घेतली असती का?"

"मी कशाला घेऊ, काका? दुसऱ्यांनी घेतल्या की माझं घर चालतं."

हे ऐकून मालकाने पाच हजार कमी केले. गृहस्थांनी विसार दिला.