मुरगळमीमांसा

पूर्वमीमांसेत अधिकरणाची पाच अंगं सांगितली आहेत : विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय. यज्ञविधींचा अर्थ लावण्यासाठी घडलेली ही पद्धत मेडिक्लेमला चपखल लागू पडते. दोन्हीकडे फळ अदृष्ट असतं आणि मंत्रात एक अक्षर चुकलं की सगळं वाया.

विषय. भांडुप आणि मुलुंड यांच्यामध्ये २००६ साली नाहूर स्थानक झालं. त्या परिसरातल्या एका टर्फवर आमच्या सोसायटीचा संघ रविवारी सकाळी सहा ते सात बॉक्स क्रिकेट खेळतो. सातला पुढच्यांचं बुकिंग असतं, त्यामुळे शेवटच्या षटकात सगळे घाईत असतात. अशाच एका षटकात प्रस्तुत लेखक (वय ४३, पोटाचं त्याहून जास्त) जाळीकडे जाणाऱ्या झेलामागे धावला आणि स्वतःच्याच पायात पाय अडकून पडला. झेल सुटला. ‘मुरगळलाय’ असं निदान दोन्ही संघांनी एकमताने केलं. मुरगळ ही लोकवैद्यकातली संज्ञा असून आयोडेक्स, क्रेप बँडेज आणि ‘जरा चालून बघ’ हे तिचे तीन उपचार. चालून बघितल्यावर घोट्याचं हाड मोडल्याचं सिद्ध झालं. विम्याच्या दृष्टीने हे भाग्यच, कारण साध्या मेडिक्लेमला सहसा किमान २४ तास दाखल व्हावं लागतं. मुरगळलेला माणूस घरी पडून दुखतो, म्हणजे फुकट दुखतो.

संशय. दाव्याच्या प्रमाण अर्जात ‘इजा असल्यास कारण’ या प्रश्नापुढे तीन चौकटी आहेत : स्वतःहून केलेली, रस्ते अपघात, नशापाणी. माणूस खेळताना पडू शकतो, ही शक्यता अर्ज तयार करणाऱ्याला सुचलेली नाही. आता खूण कुठे करावी?

पूर्वपक्ष. आमच्या घरातून असं प्रतिपादन झालं की, या वयात, या वजनात, भल्या पहाटे उठून जो झेल घ्यायला धावतो त्याची इजा पहिल्या चौकटीतच बसते. युक्तिवाद बिनतोड होता. पण ती चौकट मान्य केली तर दावाच बुडतो, म्हणून लेखकाने तिन्ही कोऱ्या ठेवल्या आणि समासात ‘खेळताना’ एवढंच लिहिलं. पाठोपाठ कंपनीचं पत्र आलं : आपण व्यावसायिक खेळाडू आहात काय? नसल्यास पुरावा द्यावा.

उत्तरपक्ष. विमा नियामकाच्या प्रमाण अपवादांतला ०९ क्रमांकाचा अपवाद म्हणतो की, धोक्याच्या वा साहसी खेळांत व्यावसायिक म्हणून भाग घेतल्याने झालेला खर्च मिळणार नाही. यादीत गिर्यारोहण, राफ्टिंग, घोड्यांच्या शर्यती आहेत. अंडरआर्म क्रिकेट नाही. उपमानासाठी दहीहंडी घ्यावी. २०२२ मध्ये सरकारने तिला साहसी खेळ म्हटलं आणि २०२३ मध्ये ५० हजार गोविंदांचा माणशी ७५ रुपये हप्त्याने वेगळा विमा काढला. मृत्यू झाल्यास १० लाख. आम्हाला असं कोणी साहसी म्हटलेलं नाही. कळीचा शब्द ‘व्यावसायिक’. खेळ येत नसणं हा दोष इथे गुण ठरतो, फक्त तो लेखी हवा. न्यायशास्त्र चार प्रमाणं मानतं, पण सुजलेला घोटा हे प्रत्यक्ष प्रमाण कंपनीला चालत नाही. तिला शब्दप्रमाण लागतं, तेही शिक्क्यासह. सबब आमच्या कप्तानाने सोसायटीच्या लेटरहेडवर लिहून दिलं : ‘सदर गृहस्थ गेली चार वर्षं आमच्याकडून खेळतात. या हंगामात अकरा डावांत त्यांच्या एकोणीस धावा आहेत. यांना कोणी पैसे देऊन खेळवील असं वाटत नाही. उलट टर्फच्या भाड्याची वर्गणी तेच देतात.’ खाली सेक्रेटरींची सही आणि गोल शिक्का.

निर्णय. दावा मंजूर झाला. वजावटीत हातमोज्यांचे चाळीस जोड होते. उभ्या आयुष्यात ज्याला कोणी यष्टीमागे उभं केलं नाही, त्याच्या नावावर. लेखकाने ते निमूट भरले.

अर्जाची झेरॉक्स आता फायलीत आहे. तिच्यावर पहिल्या चौकटीत पेन्सिलीने बारीकशी बरोबरची खूण केलेली दिसते. खुणेवरून हस्ताक्षर ओळखता येत नाही. पण आमच्या घरात पेन्सिल वापरणारी व्यक्ती एकच आहे, आणि ती हिशेबात सहसा चुकत नाही.