पन्नास ग्रॅमवाले गुरुजी

गावाचं नाव साखरा आणि गुरुजींचा आवडता विषय कारलं. सेनगाव तालुक्याच्या या टापूत ते नोकरीला लागले, तेव्हा १९९५ची शालेय पोषण आहाराची योजना नवी होती. पोरं महिन्याला ३ किलो तांदूळ पिशवीतून घरी न्यायची. पुढं शाळेतच चूल पेटली. सरकारी हिशेबानं पाचवीपर्यंतच्या पोराला रोज ५० ग्रॅम भाजी, सहावीपासून ७५. गुरुजींना हे आकडे पाढ्यासारखे पाठ. पोरांनाही पाठ आहेत. फक्त ते ५० ग्रॅम खिचडीतून निवडून ताटाच्या कडेला लागतात आणि जेवणानंतर शाळेमागच्या शेळीला मिळतात. पंचक्रोशीत तिच्याइतकं सकस कुणी खात नसेल.

खिचडी शिजवणाऱ्या मावशींचं म्हणणं, भाजी बारीक चिरून दडवावी. गुरुजी खवळतात. "दडवायला तो काय चोरीचा माल आहे? ओळख करून द्या!" मग दोडका हातात धरून, सोयरीक घेऊन आल्यासारखं त्याचं घराणं सांगतात. हजेरीला 'हजर' म्हणायचं नाही, काल खाल्लेली भाजी सांगायची. पहिल्या दिवशी अख्खा वर्ग 'बटाटा' निघाला. "बटाटा म्हणजे हजेरी नव्हे, रजेचा अर्ज!"

पोरांना तरी काय बोलावं? यांच्या आज्यांच्या ज्वारीत वाळकं असायची, बांधाला अंबाडी, भेंडी. करडईच्या कोवळ्या पाल्याच्या घोळाण्यावर भाकरी उडायची. आता शिवारभर सोयाबीन नि हळद. भाजी आठवडी बाजारातून येते, तीही पिशवीत बसेल तेवढीच.

गेल्या पावसाळ्यात गुरुजींनी परसबाग केली. पाणी घालायला झुंबड, खायला कुणी नाही. वैतागून त्यांनी पाटी ठोकली : 'मुळा तोडल्यास शिक्षा होईल.' दुसऱ्या दिवशी वाफा निम्मा रिकामा. परिपाठाला गुरुजी कडाडले, "मुळा कुणी खाल्ला?" सगळे चिडीचूप. तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक ढेकर आला आणि मुळ्यानं स्वतःच कबुली दिली. गुरुजींनी चटकन फळ्याकडं तोंड फिरवलं. खांदे मात्र गदगदत होते.

तेव्हापासून दर सोमवारी नवी बंदी निघते. टोमॅटो गेले, गाजरं गेली. परवा मी गेलो तर गुरुजी दोडक्याच्या वेलाभोवती काटेरी तार ओढत होते.

"काहून गुरुजी, ढोरं शिरतात का?"

"कुणीच शिरत नाही," तार ताणत ते म्हणाले, "म्हणूनच तर."