शंकरपाळ्यातला शंकर

दिवाळीच्या फराळात ज्याची त्याची प्रतिष्ठा ठरलेली असते. लाडवाला वजनाची, चकलीला काट्यांची, चिवड्याला गर्दीची. शंकरपाळ्याला मात्र थेट देवाचं नाव! लहानपणी आई पोळपाटावर कातणं फिरवू लागली, की त्या नागमोडी कडांच्या चौकोनांत मी त्रिशूळ शोधत असे. निदान एखादं बेलाचं पान तरी. तुपात पडल्यावर त्याचे पदर सुटत, पोट फुगे, रंग बदामी होई. पण महादेव काही दर्शन देत नसे.

देणार कसा? तो तिथं नव्हताच. मूळ शब्द फारसी, शकरपारा. शकर म्हणजे साखर आणि पारा म्हणजे तुकडा. मराठी मुलखात कुणाच्या तरी भाविक जिभेनं ‘शकर’वर एक अनुस्वार ठेवला आणि एवढ्याशा टिंबासरशी साखरेचा शंकर झाला. इतक्या स्वस्तात देवपण दुसऱ्या कुणाला मिळालं नसेल.

गंमत अशी, की ते ‘शकर’ही मूळचं इराणचं नव्हे. ते आपल्या ‘शर्करे’चं लेकरू. संस्कृतात शर्करा म्हणजे आधी खडे, वाळू. मग तशीच रवाळ साखर. हा शब्द पश्चिमेला गेला. फारसीत शकर झाला, कुर्दीत शेकिर. तुर्कांनी तर शकरपाऱ्याचं ‘शेकरपारे’ करून त्याला पाकातच बुडवला. घरी राहिलेली शर्करा दरम्यान प्राकृतातून झिजत झिजत साखर झाली होती. त्यामुळे ‘शकर’ परतला तेव्हा परदेशी शिकून आलेल्या मुलानं सख्ख्या आईला वाकून ‘आपलं नाव?’ विचारावं, तसं काहीसं झालं असावं.

आमच्या अंबाजोगाईला अशा सोयरिकीचं नवल नाही. निजामाच्या राज्यात हे गाव मोमिनाबाद होतं. १९४८ साली निजामाचं राज्य गेलं. पण इथल्या प्राचीन लेण्यांना लोक अजून हत्तीखानाच म्हणतात. हत्ती आपले, खाना फारसी. तिथले दगडी हत्ती दाखवून आजी सांगायची, हे योगेश्वरीचं वऱ्हाड. परळीच्या वैजनाथाशी देवीचं लग्न ठरलं होतं. मुहूर्त टळला, वऱ्हाड दगडाचं झालं आणि देवी कुमारिकाच राहिली. परळी इथून साधारण २५ किलोमीटर. तेवढं अंतर काही मिटलं नाही. शंकर या गावात जावई म्हणून आला नाही. आला तो इराणला वळसा घालून, आडनाव बदलून, पत्र्याच्या डब्यात बसून. दसरा-दिवाळीला घरोघरी त्याचं स्वागत होतं ते पाहून वाटतं, मानपान तसा जावयाचाच चाललाय की!

शर्करेची आणखी एक फेरी राहिलीच. फारसीतून ती अरबांकडे जाऊन सुक्कर झाली, तिथून युरोपात शुगर, आणि आता रक्ताच्या रिपोर्टावर बसून गावी परतली आहे. आमच्या मावशीला गेल्या वर्षी ‘शुगर’ निघाली. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलं. तिनंही चहा बिनसाखरेचा केला, लाडवांकडे पाठ फिरवली. पण डबा उघडला की हात शंकरपाळ्यांकडे जातोच. “मावशी, अगं साखर!” म्हणावं, तर म्हणते, “साखर कधीच सोडली रे बाबा. शंकराला कसं नाही म्हणू?” आणि आणखी दोन उचलते.