तात्यांचा निकाल

मुंबई-गोवा महामार्गाने सिंधुदुर्गात शिरलं की पहिलं गाव खारेपाटण आणि पहिला नाका तात्या. एसटीतून कोणी चहाला उतरलं की टपरीच्या बाकड्यावरून प्रश्न येतो, "पावणेनू, ह्यो जिल्हो कधी झालो, सांगा बघूया!" पाहुणा घुटमळला की तात्या मालवणी सोडून पुस्तकी मराठीत शिरतात. "१ मे १९८१. रत्नागिरीतून वेगळा. तालुके आठ, मुख्यालय ओरोस." पाहुण्याने बिचाऱ्याने फक्त मुतारी कुठे आहे, एवढंच विचारलेलं असतं.

गावाचा विषय निघाला तर गाडी सुटलीच म्हणून समजा. शके ९३०, म्हणजे इ. स. १००८चा रट्टराजाचा ताम्रपट खारेपाटणचा. दक्षिण कोकणच्या शिलाहारांची वंशावळ कळली ती त्यातून. तो वाचून प्रसिद्ध करणारे 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर तर शेजारच्या पोंभुर्ल्याचे. सणफुल्लापासून रट्टराजापर्यंत दहाही राजे तात्या एका दमात म्हणतात. स्वतःच्या नातवाला हाक मारताना मात्र आधी दोन पुतण्यांची नावं येऊन जातात.

राज्यकारभारही तोंडपाठ. लोकसभेत महाराष्ट्राचे ४८, राज्यसभेत १९, विधानसभेत २८८, विधान परिषदेत ७८. कोणी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अडला आणि चुकून तात्यांकडे आला, तर त्याला १९९२ची त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती पहिल्यापासून ऐकावी लागते. तो मान डोलावतो, चहाचे पैसे देतो आणि मुकाट्याने तलाठ्याच्या कोतवालाला गाठतो.

पण तात्यांचा खरा दरारा गुणांचा. पंचाहत्तरला विशेष प्रावीण्य, साठला प्रथम श्रेणी, पंचेचाळीसला द्वितीय, पस्तीसला पास, ही उतरंड ते जगातल्या यच्चयावत वस्तूंना लावतात. टपरीवरचा चहा बेचाळीस. "आला घातलं असतंस तर दुसरी श्रेणी गावली असती." दशावतारातला संकासुर एकसष्ट. कीर्तनकारबुवा अडतीस, तेही ग्रेस धरून. सूनबाईच्या बांगड्याच्या तिखल्याला त्यांनी एकदा चौऱ्याहत्तर दिले. तिने विचारलं, "एका गुणान कित्याक अडवलात?" म्हणाले, "त्रिफळा कमी पडली." दुसऱ्या दिवशी ताटात नुसती पेज आली. निकाल राखीव.

परवा बाकड्यावर विजयदुर्ग चालला होता. १८ ऑगस्ट १८६८चं खग्रास सूर्यग्रहण, किल्ल्यावर दुर्बीण लावून बसलेला लॉकयर, त्याला तिथेच सापडलेला हेलियम आणि पुरावा म्हणून साहेबाचे ओटे. शाळेतून घरी निघालेली नववीतली एक पोर थांबून ऐकत होती. म्हणाली, "तात्यानू, लॉकयर तेव्हा हयसर इलोच नाय. तो इंग्लंडातच होतो. ग्रहण बघूक जान्सेन इलो होतो, तोय गुंटूराक. लॉकयरान ऑक्टोबरात थंयसूनच बघितल्यान, ग्रहण नसताना."

बाकडं गप्प. तात्यांनी चष्मा पुसला, तिला दोनदा सगळं सांगायला लावलं आणि निकाल दिला, "चौऱ्याहत्तर."

"एक खंय गेलो?"

"मोठ्या माणसाक मधेच तोडल्याबद्दल."

दुसऱ्या दिवशी देवगडला निघालेलं एक पुणेकर जोडपं चहाला थांबलं. तात्या पुस्तकी मराठीत म्हणाले, "लॉकयर विजयदुर्गावर होता असं लोक सांगतात. अज्ञान, दुसरं काय! जान्सेन गुंटूरला, लॉकयर इंग्लंडात. आणि पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ साली, रॅम्से." शेवटचं वाक्य रात्रीतून कमावलेलं होतं. चूक निघाल्याचं दुःख या माणसाला होत नाही. दिवसभरात कोणी काही विचारलं नाही, तर मात्र रात्री जेवण जात नाही.

पुणेकर भारावून म्हणाले, "आपण शिक्षक होतात का?"

"छे हो. तीन वर्सां मॅट्रिकाक बसलंय. तिन्ही खेपेक दोन-दोन गुणांनी गेली. गुणांची किंमत माका इचारा."