टीव्हीच्या मागचा जावई

टीव्हीच्या मागे काय आहे ते घरातल्या एका तरी माणसाला माहीत असावं लागतं, आणि आमच्या वऱ्हाडात तो माणूस सहसा जावई असतो. मुलाला सांगावं तर तो 'पाहतो' म्हणतो आणि महिनाभर नुसता पाहत राहतो. शेजाऱ्याला बोलवावं तर त्याला टीव्हीमागची जळमटं दिसतात आणि ती संध्याकाळपर्यंत गल्लीभर होतात. जावई त्यातल्या त्यात सोयीचा. तो घरचाही आणि बाहेरचाही. शिवाय त्याला आत्ताच पोटभर वाढलेलं असतं, त्यामुळे नाही म्हणायला तोंड उरत नाही.

2023 साली श्रावण अधिक आला होता. धोंड्याचा महिना लागला की अमरावतीचे जावई अकोल्याला आणि अकोल्याचे जावई अमरावतीला निघतात. मीही अमरावतीहून अकोल्याला निघालो. आदल्याच वर्षी जूनमध्ये या रस्त्याने विश्वविक्रम केला होता. लोणी ते मूर्तिजापूर अशी एका लेनची 75 किलोमीटर डांबराची पट्टी 105 तास 33 मिनिटांत सलग अंथरली गेली आणि गिनेस बुकात नोंद झाली. या विक्रमाचा सगळ्यात जास्त त्रास अकोल्याला जाणाऱ्या माझ्यासारख्या जावयांना झाला. आमच्या मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, ते आकडे पाठ आहेत. कुठलंही काम रेंगाळलं, मग तो नळ असो की नातवाचा गृहपाठ, ते शांतपणे म्हणतात, "तिकडं 75 किलोमीटर झालं बाप्पा, 105 घंट्यात."

पुरणाचे धोंडे झाले, अनारशांचं वाण झालं, ओवाळणं झालं. मी लोडाला टेकतो न टेकतो तोच मामाजी म्हणाले, "जवाईबापू, थे साखरपुड्याचं टीव्हीवर टाकून द्या नं जी. हिले मोबाईलवर काईच नाई दिसत."

साखरपुडा मामाजींच्या पुतणीचा, यवतमाळला झालेला. सासूबाईंचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून त्यांना जाता आलं नव्हतं. डॉक्टरांनी आता हळूहळू वाचायला-बघायला परवानगी दिली होती. बेत चांगला होता. अडचण एवढीच की टीव्ही साधा होता, म्हणजे हवेतून मोबाईलचं चित्र ओढून घेणाऱ्यांतला नव्हता. वायर लागणार होती. माझ्या मोबाईलमधून वायरीने चित्र निघत नाही हे मला ठाऊक होतं आणि मी ते तिथल्या तिथे सांगितलं. पण धोंड्याला आलेल्या जावयाचं 'होत नाही' हे घरात कुणी होत नाही असं धरत नाही. 'आणखी आग्रह करा' असं धरतात.

भिंतीवरच्या टीव्हीमागे हात घालून पाहिल्याशिवाय माणसाच्या बोटांची जाडी कळत नाही. तो लावणाऱ्याने भिंत आणि टीव्ही यांच्यात जेमतेम दोन बोटं जागा ठेवलेली असते, आणि वायरी खोचायची भोकं खालच्या बाजूला, जमिनीकडे तोंड करून असतात. मी स्टुलावर चढून भिंतीला गाल लावला. दिसत काहीच नव्हतं. बोटांना आधी धूळ लागली, मग पालीच्या अंड्याची रिकामी टरफलं, मग डिश टीव्हीची वायर. सासूबाईंनी कुंकवाच्या करंड्यातला आरसा दिला, साळ्याने खालून टॉर्च धरला. आरशात उजवं डावं होतं हे शाळेत शिकलो होतो. इथे वर आणि खालीही बदललं. एचडीएमआयचं भोक एका बाजूने रुंद आणि दुसरीकडे निमुळतं असतं, म्हणजे वायर एकाच तऱ्हेने बसते आणि ती तऱ्हा कोणती हे आरसा नेमकं उलटं सांगतो. वर भोक एकच आणि ते सेट टॉप बॉक्सने धरलेलं. ते काढलं तर मामाजींच्या बातम्या बंद. काढलंच.

पूर्वी टीव्ही बिघडायचा तेव्हा निदान बिघाड दिसत तरी असे. रामायण लागायचं त्या काळात, म्हणजे जानेवारी 1987 ते जुलै 1988, गच्चीवर एक जण, जिन्यात एक आणि टीव्हीसमोर एक अशी साखळी असे. "आलं का?" "आलं!" "आता?" "गेलं!" पाऊस पडल्यासारखे ठिपके दिसले की अँटेना फिरवायचा. चित्र वर सरकायला लागलं की टीव्हीच्या डाव्या कुशीत एक चापट. उपाय चुकीचा असेल, पण घरातल्या प्रत्येकाला काम मिळायचं. पुढे व्हीसीआर आला, त्याच्या तीन वायरी: पिवळी चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. पिवळी पिवळ्यात, लाल लालमध्ये. आमच्या गल्लीत शाळेत न गेलेली माणसंही व्हीसीआर जोडून देत. एचडीएमआयमध्ये 19 पिना एकाच टोकात कोंबलेल्या असतात आणि बिघडल्यावर निळ्या पडद्यावर 'नो सिग्नल' एवढंच येतं. ती पाटी पडद्यावर इकडून तिकडे फिरत राहते आणि आपण बघत बसतो.

खरं सांगायचं तर चित्र एका जागेहून दुसऱ्या जागी पोचवणं हा अमरावतीचा पिढीजात धंदा. सिनेमाच्या वितरणात सी.पी.-बेरार सर्किट नावाचा एक प्रांत आहे आणि अमरावती हे त्याचं जुनं ठाणं. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हे नाव सरकारी नकाशावरून 1950 सालीच गेलं, सिनेमावाल्यांच्या वहीत मात्र ते शाबूत राहिलं. पत्र्याच्या पेट्यांत चौदा-सोळा रिळं भरून सिनेमा गावोगाव जायचा. पेटी जड असे, पण टॉकीजवाल्याला तिच्याबद्दल शंका नसायची. पेटी आली म्हणजे सिनेमा आला. फोन पुढे केला म्हणजे त्यातलं चित्र आलं, असं मात्र होत नाही.

का होत नाही, हे मी मामाजींना सांगायचा प्रयत्न केला. एचडीएमआय डिसेंबर 2002 मध्ये सात कंपन्यांनी मिळून काढलं, ते टीव्हीसाठी आणि डीव्हीडीसाठी. मोबाईल तेव्हा कुणाच्या ध्यानातही नव्हता. मग 2010 साली पाच कंपन्यांनी एमएचएल नावाची युक्ती काढली. मोबाईलच्या चार्जिंगच्या पाच पिनांच्या भोकातूनच चित्र बाहेर काढायचं. 2011 चा गॅलेक्सी एस टू हा तसा पहिला फोन. लोकांनी जोडण्या विकत घेतल्या. पुढच्याच वर्षी गॅलेक्सी एस थ्रीमध्ये 11 पिना आल्या आणि आदल्या वर्षीच्या जोडण्या ड्रॉवरमध्ये गेल्या. त्याच सुमाराला स्लिमपोर्ट नावाची दुसरी युक्ती आली, तीही ड्रॉवरमध्ये गेली. माझ्या मते भारतातल्या प्रत्येक मध्यमवर्गीय घरात असा एक ड्रॉवर असतो. त्यातली कुठलीच वायर कशालाही बसत नाही आणि ती टाकून द्यायची कुणाची छाती होत नाही.

"आता तं सगळ्याईले सारखंच भोक आहे," मामाजी म्हणाले. हे बहुतांशी बरोबर होतं, आणि खरी मेख इथेच आहे. टाइप-सी 2014 साली आलं. 24 पिना, सुलटं घाला की उलटं, बसतंच. पण बसणं आणि जमणं यांत वऱ्हाडातल्या सोयरिकीइतकं अंतर आहे. पाहुणे आले, पोहे झाले, पत्रिका जुळली, तरी आतल्या खोलीत बैठक व्हायचीच असते. टाइप-सीमध्येही दोन पिना फक्त बोलण्यांसाठी राखून ठेवल्या आहेत. वायर घातली की बोलणी सुरू होतात, इकडून चित्र मिळेल का? महागाचा फोन हो म्हणतो आणि काही तारा चित्राला मोकळ्या करून देतो. याला डिस्प्लेपोर्ट अल्टरनेट मोड म्हणतात. बहुतेक स्वस्त फोनांत त्या तारा जोडलेल्याच नसतात. ते चार्ज होतात, फोटो कॉपी करून देतात, आणि चित्राचं नाव काढलं की गप्प बसतात. 'नाही' सुद्धा म्हणत नाहीत. भोकावर खूण नसते. काही फोनांची तर आणखीच तऱ्हा, ती मला पुढे कळली. गूगलचा पिक्सेल 8 बाजारात आला ऑक्टोबर 2023 मध्ये. चित्र बाहेर काढायची सोय त्यात होती, पण ती चालू केली जून 2024 मध्ये.

मामाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे वायरच खराब आहे."

वायर बदलायला आम्ही गांधी रोडकडे गेलो. दुकानदार तरुण होता. मी विचारलं, या फोनला चालेल का? तो फोनकडे न बघताच म्हणाला, "होते नं भाऊ. काऊन नाई होनार?" मी म्हटलं, या फोनमध्ये डिस्प्लेपोर्ट नाही. तो म्हणाला, "तुमी लावून तं पाहा." मी म्हटलं, नाही झालं तर परत घ्याल? तेव्हा त्याने पहिल्यांदा फोनकडे पाहिलं. नीट पाहिलं, उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "मंग कायले नेता?" प्रामाणिक माणूस. मामाजींनी तरीही वायर घेतली. रिकाम्या हाताने घरी जाणं त्यांच्या शिस्तीत बसत नाही.

घरी वीज मंडळातून निवृत्त झालेले शेजारचे काकाजी टेस्टर घेऊन येऊन बसले होते. त्यांनी प्लगात टेस्टर घातला, लाल दिवा लागला. "करंट बरोबर आहे," त्यांनी निकाल दिला. त्यांच्या चाळीस वर्षांच्या नोकरीत करंट बरोबर असल्यावर काम झालं नाही असं झालंच नव्हतं, म्हणजे दोष माणसाचा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मामाजी खिडकीबाहेर बघत पुटपुटले, "इथं दीड मीटर वायर आहे. तिकडं 75 किलोमीटर..."

एवढ्यात कधीतरी साळ्याने मी स्टुलावर चढून भिंतीला गाल लावलेला फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता. नागपूरच्या मोठ्या जावयांचा, म्हणजे माझ्या साडभाऊंचा, सल्ला घ्यावा म्हणून. साडभाऊ इंजिनिअर. कशाचे, ते लग्नाला इतकी वर्षं होऊनही स्पष्ट झालेलं नाही. पण सासरी इंजिनिअर हा शब्द पुरतो. त्या ग्रुपात मी नाही. का नाही, हे मी कधी विचारलेलं नाही.

शेवटी मला जे दुपारपासून सांगायचं होतं ते साळ्याच्याच लक्षात आलं. त्याने हप्त्यांवर घेतलेला भारी फोन खिशातून काढला आणि त्या नव्या वायरीला लावला. 'नो सिग्नल' गेलं. साळ्याचा चेहरा, त्याची बायको आणि पंचवीसेक ॲप्स 32 इंचांत हजर झाली. काकाजी म्हणाले, "म्या म्हटलंच होतं, करंट बरोबर आहे."

साळ्याने हौसेने आधी सिनेमाचं एक ॲप उघडलं. आवाज आला, चित्र काळंच. हे सिनेमावाल्यांचं कुलूप. पडद्यापर्यंतच्या वाटेवरच्या प्रत्येक जोडणीने ओळख पटवली तरच चित्र सोडायचं, नाहीतर नुसते संवाद ऐका. वाटेतली आमची वायर ओळख पटवायला तयार नव्हती. मामाजींनी दोन मिनिटं डोळे मिटून सिनेमा ऐकला आणि म्हणाले, "आकाशवाणीच बरी होती."

मग साखरपुडा लावला. कुणीतरी मोबाईल उभा धरून काढलेला. 32 इंची टीव्ही 71 सेंटिमीटर रुंद असतो. त्यात उभा व्हिडिओ मधोमध बावीस सेंटिमीटरची पट्टी घेतो, दोन्ही बाजूंना काळोख. त्या पट्टीत नवरी मावली. नवरदेवाचा उजवा खांदा मावला आणि अंगठी घेऊन आलेला एक हात मावला.

"नवरदेव कुठी आहे?" सासूबाई म्हणाल्या.

"बाजूले आहे, आई."

"बाजूले तं काया काया दिसते."

"येईन, येईन."

नवरदेव आला नाही. त्याच्याऐवजी एक काकू आल्या आणि बराच वेळ पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. साळ्याने टीव्ही उभा करता येईल का असं विचारलं. मी स्टूल बाजूला सारलं.

आणि मग टिंग वाजलं. काकूंच्या पाठीवर, पडद्याच्या वरच्या भागात, पांढरी पट्टी उतरली. डाव्या कोपऱ्यात बोटाएवढा फोटो होता: स्टूल, भिंत, माझा गाल. साळा फोनकडे झेपावला, पण फोन दीड मीटर वायरीने टीव्हीला बांधलेला. ओढावा तर टीव्ही येईल. घाईत त्याचं बोट नको तिथे लागलं आणि पट्टीचा पूर्ण पडदा झाला. यावेळी चित्र दोन्ही कडांपर्यंत भरलं, कारण फोन हातात आडवा झाला होता. अक्षरं तीन-तीन बोटं उंच.

खोलीत कुणी बोललं नाही. सासूबाईंनी मात्र चष्मा काढला, ऑपरेशनच्या डोळ्याने पडद्याकडे पाहिलं आणि सावकाश, एकेक अक्षर लावत, मोठ्याने वाचलं, "अमरावतीवाल्याईच्यानं, नाई होत थे. टीव्हीले, हात, नका लावू देऊ. मी, रविवारी, येतो."

मामाजी खुर्चीत सरसावून बसले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"पूरं वाचलं हिनं," ते काकाजींना म्हणाले. "डॉक्टर चांगला भेटला बाप्पा."